केस नसलेला कॉम्प्युटर

चिरंजीव धाकोबा यास,

ताईचे भरघोस आशीर्वाद. (छप्पन्न वर्षांचा झालास, साहेब झालास, तरी माझ्याकडून आशीर्वादच मिळतील, नमस्कार हवा असेल तर हाताखालच्या माणसांकडून घे.) पित्त कसं आहे? गुडघे काय म्हणतात? तुझ्या बायकोची मान अजून दुखते, की घरात नवी शोकेस आल्यापासून ताठ झाली?

आज कपाट पुसताना उगीचच तो रविवार आठवला. खरं तर कुठला एक नाही, सगळे सारखेच होते. आई आत इस्त्री करत असायची, बाबा वर्तमानपत्राखाली झोपलेले, आणि आपण दोघं टीव्हीपासून दोन हातांवर, कारण मामांनी जहाजावरून आणलेल्या त्या गेमच्या डब्याची वायर तेवढीच होती. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या आणि एक ठिपका. बस्स. तेवढ्या ठिपक्यासाठी तू माझ्या दंडाला चावला होतास. खेळायच्या दोन दांड्यांतली चांगली तू घ्यायचास आणि सैल झालेली माझ्याकडे सरकवून म्हणायचास, 'ताई, तुझी पण चांगलीच आहे गं.' पुढे तू नोकरीत भराभर वर चढलास याचं मला कधीच नवल वाटलं नाही.

तर, तुझा निरोप मिळाला. सहा वर्षं इकडे फिरकला नाहीस, आणि परवा मोबाइलवर दीड ओळ: गेमचा डबा ठीक आहे ना, महिनाअखेर कुरिअरने पाठव, शोकेसमध्ये ठेवायचाय. डबा ठीक आहे का हे विचारलंस. ताई ठीक आहे का हे दीड ओळीत बसलं नसावं. असो. डबा आहे. पण त्या 'आहे'बद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल, आणि त्यात तुझे भावोजी येतात, म्हणून पत्र लांबणार.

तुला ठाऊकच आहे, ह्यांनी छत्तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून विजेचे मीटर वाचले. मीटर वाचता येतो म्हणजे वीज कळते, अशी त्यांची समजूत. आणि वीज कळते म्हणजे कॉम्प्युटर कळतो, ही निवृत्तीनंतरची. मागच्या वर्षी तुझ्या डब्याचा अडॅप्टर जळका वास सोडून गेला. मी म्हटलं, राहू दे, शोभेला असू दे. पण निवृत्त माणसाला 'राहू दे' म्हणणं म्हणजे बैलाला लाल फडकं. ह्यांनी कुठेतरी वाचलं की आता पत्त्याच्या कॅटाएवढा, अगदी स्वस्तातला कॉम्प्युटर मिळतो, सगळा एकाच पाटीवर. तो टीव्हीला जोडला की जुने खेळ जसेच्या तसे चालतात. मागवला. आला तो जाड पाकिटात. हिरवी पाटी, वर मुंग्यांसारखे चकचकीत दाणे, आणि अंगावर कपडा म्हणून नाही. (मी नन्सच्या शाळेत शिकलेली. मला आधी तो झाकावासाच वाटला.)

इथे घोळ सुरू झाला. पाटीला वरचं कवच, ज्याला दुकानदार केस म्हणतात, ते वेगळं घ्यायचं असतं. ह्यांना ते माहीत नव्हतं. ह्यांनी गॅलरीत उभं राहून दुकानदाराला फोन लावला, आणि मीटरवाल्याचा आवाज, तो तळमजल्यापर्यंत जाणारच. 'अहो, केस नाही म्हणजे काय? सगळ्यांना आहे आणि मलाच केस नाही?' मी आत भाजी निवडत होते. मला वाटलं, टकलाचं इतक्या वर्षांचं दुःख शेवटी बाहेर पडलं. मी सुरी खाली ठेवून डोळे पुसायच्या बेतात होते, तोवर खालचे वकीलसाहेब जिना चढून दारात. गेल्या तीन वर्षांत त्यांच्याकडे एक अशील फिरकलेलं नाही. म्हणाले, 'कोण म्हणतं केस नाही? भक्कम केस आहे!' ह्यांना वाटलं, वकिलांकडे जास्तीची पडलेली आहे. ह्यांनी विचारलं, केवढी आहे? वकीलसाहेब म्हणाले, 'मोठी. पार वरपर्यंत जाईल.' हे म्हणाले, 'एवढी नको हो, टीव्हीखाली मावली पाहिजे.'

दोघांचं असं पाऊण तास समाधानाने चाललं होतं. मी मध्ये पडले नाही. (लग्नाला तेहतीस वर्षं झाली की माणूस फुकटची करमणूक बंद करत नाही.) चहा पिऊन वकीलसाहेब खाली गेले आणि त्यांनी दुकानदाराला नोटीस ठोकली. 'आमच्या अशिलास उघड्या अवस्थेतील माल पाठवून' अशी काहीशी सुरुवात होती. पुढचं वाचताना दुकानदाराला आपण नक्की काय विकलं असाच प्रश्न पडला असेल.

इकडे ह्यांनी माझी प्रवासातली साबणाची डबी उचलली. पाटी तिच्यात अशी बसली, जणू मापाने शिवली. खाली भोकं, म्हणजे हवाही खेळती. त्या आनंदात हात धुताना डबी बेसिनच्या कडेला राहिली, आणि नोटीस धाडल्याचं सांगायला आलेले वकीलसाहेब तिथेच हात धुवायला गेले. कलमांवर बोलता बोलता त्यांनी डबी उघडली, पाटी ओल्या हातात दोनदा फिरवली आणि म्हणाले, 'वहिनी, साबण फार टोचतो हो तुमचा.' पाटी गेली. ह्यांनी दोन दिवस अन्न सोडलं. (बिस्किटं अन्नात धरली नाहीत.)

तिसऱ्या दिवशी दुसरं पाकीट! नोटिशीला घाबरून दुकानदाराने माफीच्या चिठ्ठीसकट नवी पाटी पाठवली होती. केस याही वेळी नव्हती. वकीलसाहेबांनी जन्मात जिंकलेला हा बहुधा एकमेव दावा, तोही ज्याचं नुकसान त्यांनीच केलं त्याच्या बाजूने. आणि तो कशाबद्दल होता हे त्यांना अजून कळलेलं नाही.

आता काळजावर हात ठेव. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. परत येते तो ह्यांनी फळं कापायच्या सुरीने तुझा डबा उघडलेला. आतली सगळी आतडी बाहेर, आणि त्या काळ्या पोटात नवी पाटी निवांत पहुडलेली. 'बघ,' म्हणाले, 'केस घरातच होती.' मी चष्म्याशिवाय होते, डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे रडले की नाही हे मलाही सांगता येणार नाही.

पण धाकोबा, तो चालतो. वरून तोच डबा, लाकडासारखी दिसणारी तीच पट्टी, आणि आत सहाशे खेळ. हे पहिल्याच उडीत मरतात आणि टीव्हीला शिव्या देतात. मी मात्र रोज दुपारी बसते. आमच्या सिस्टर हाताच्या पाठीवर खोडरबर ठेवून अक्षर गिरवायला लावायच्या. रबर पडलं की बोटांवर फूटपट्टी. तेव्हा वाटायचं, या छळाचा आयुष्यात काय उपयोग? आज कळलं. माझं मनगट हलत नाही. दोन पट्ट्यांच्या खेळात एका बाजूने यंत्र खेळतं आणि रोज हरतं. हरलं तरी ते चावत नाही, चिडत नाही, काही बोलतच नाही. अशाला हरवण्यात काय राम आहे?

घरी सर्वांना यथायोग्य. पित्ताला जप.

तुझी,
ताई

ता. क. कुरिअरबद्दल राहिलंच. डबा मी पाठवणार होते, खरंच. मंगळवारी कुरिअरवाला आला, मी चिकटपट्टी लावून डबा बांधून ठेवला होता. त्याने विचारलं, 'आत काय आहे, फुटणारं आहे का?' मी चिकटपट्टी सोलून काढली आणि त्याला परत पाठवलं. आई गेल्यावर तिचं कपाट न्यायला तू टेम्पो घेऊन आलास आणि तासाभरात गेलास. टेम्पोवाल्याने चहा घेतला, तू घेतला नाहीस. आता इथे तुझं एवढंच उरलंय. हेही गेलं की तुला या रस्त्याला वळायला कारण उरणार नाही, आणि कारणाशिवाय येणाऱ्यांतला तू नाहीस.

ता. क. २. म्हणून वाटणी ठरवली आहे. (मसुदा वकीलसाहेबांनी तपासला, त्यांना ही इस्टेट वाटली.) डब्याची जुनी आतडी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात उद्याच्या कुरिअरने निघतील, ती तुझ्या शोकेसला, अस्सल आहेत, खाली तसं लिहून ठेव. साबणाची डबी वकीलसाहेबांना, विजयाची खूण म्हणून. मेलेली पाटी ह्यांना, परत सुरीला हात लावावासा वाटला तर बघायला. सुरी मला. आणि चालता डबा तुला, सहाशे खेळांसकट. पण तो ड्रायव्हरकडे द्यायचा नाही, अधिकारपत्र घेऊन आलेल्या तुझ्या मुलाकडे नाही, टेम्पोवाल्याकडे तर नाहीच. माझ्याशी समोरासमोर बसून जो एकवीस गुणांचा डाव हरेल आणि हरल्यावर भांडेल, त्याच्याच हातात द्यावा.