साय धरलेलं पाणी

रविवार, संध्याकाळ

टिटवाळ्याला नदीवर एकाच जागेवरून काढलेले फोटो आज संगणकात एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली. पाणी कसं मऊ, संथ वाहतं दिसू लागलं! खूश होऊन हिला दाखवलं.

"साय धरलीय हो. विरजण लावू?" हसली, मग पडद्याजवळ वाकली. "माझा हात कुठाय?"

खरंच, पाण्यात खेळणारा हिचा हात सरासरीत विरून गेलेला. एका फोटोतून तो कापून बसवला. तरी हिचं समाधान नाही.

"आणि शिंतोडे? तुमच्या अंगावर उडवले होते ना मी!"

तेही सरासरीत पुसले गेलेले. मला कसं सुचलं नाही? हाताजवळचं पाणी होतं तसं परत आणलं, शिंतोड्यांसकट. गुळगुळीतपणा बिघडला. बिघडू दे. बघताना उगाच चष्मा पुसला मी.