काळ्या बिअरचा पहिला घोट

बाबा, आज मी दारू प्यायले. सकाळी अकरा वाजता, कामाच्या जागी, पांढरा कोट घालून. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि तेव्हापासून आपल्या घरात थेंब आलेला नाही. मी देऊळगाव राजाहून रोज बसनं जालन्याकडे जाते, तिथल्या एका लहानशा बिअर कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळते. आईला एवढंच माहीत की मी बाटल्या तपासते. दोन वर्षं मी नुसता वास घेतला, आकडे लिहिले. चाखायचं काम दुसऱ्याचं. आज तो तापानं आडवा होता, आणि वर्षभर लाकडी पिंपात मुरलेली काळी, कडक बिअर बाटलीत भरायची की नाही, हे ठरवायचं होतं. मालक म्हणाले, "मॅडम, नाक तुमचंच तेज. आज तुम्ही सांगा."

पेला घेतला तर बोटं इतकी थरथरली की फेस कोटावर सांडला. मला तुमची बोटं आठवली. मी सात-आठ वर्षांची. अमडापूरला एका किराणा दुकानाचा बोर्ड तुम्ही रंगवताय, मी शिडीखाली रंगाचा डबा धरून उभी. तुमची रेघ सारखी वाकडी जातेय. तुम्ही उतरता, खिशातली बाटली तोंडाला लावता, परत चढता आणि 'किराणा'चा काना एका दमात सरळ ओढता. मी डबा खाली ठेवून टाळ्या वाजवते. तुम्ही वळून ओरडता, "टाळ्या काऊन वाजवून राह्यली?" तुम्ही का चिडलात ते तेव्हा कळलं नाही.

बिअर थुंकून चालत नाही, तिचा कडवटपणा घशाशी गेल्यावरच कळतो. मी गिळली. आधी जळका गूळ, मग कॉफी, मग ओलं लाकूड, आणि छातीत पसरत जाणारी ऊब. कागद ओढून मी लिहायला लागले. अक्षर सरळ येत होतं. हात थरथरायचा थांबला होता, बाबा. ते लक्षात आलं आणि मी पेन खाली ठेवलं. "भरायला हरकत नाही," एवढं कसंबसं बोलले आणि बाहेर जाऊन उन्हात उभी राहिले.

चार वेळा चूळ भरली, बसमध्ये बडीशेप चघळली. तिनंच घात केला. वास लपवायला तुम्हीही तीच चघळायचात. आई दारातच होती. "तोंड उघड," म्हणाली. पस्तिशीची बाई मी, दारात तोंड उघडून उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं आता ही रडेल, नोकरी सोड म्हणेल. ती उंबऱ्यावर बसली. मग हळूच विचारलं, "कशी लागते वं?"

मी चपला काढायला वाकले, तर तीच पुढे तुमच्याबद्दल बोलायला लागली.

"त्यायले एक डाव इचारलं होतं म्या. सांगतलंच नाही त्यायनं. माह्या वाट्याले नुसता वास आला."

"कडू," मी म्हणाले. "लय कडू."

"बरं झालं," म्हणत ती चहा टाकायला उठली.

तिचा चहा होईपर्यंत हे लिहितेय. तुमचा पत्ता नाही, आणि हे तिच्या हाती लागू द्यायचं नाही, म्हणून फाडून टाकीन. उद्या दुसरं पिंप उघडणार आहेत. मघाशी मालकांचा फोन आला, चाखणाऱ्याचा ताप उतरलाय, तो येतो म्हणतोय. मी म्हणाले, त्याला अजून एक दिवस आराम करू द्या.