प्रार्थनेत घेतलेलं नाव

रविवार, ६ मार्च २०११
आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे घरसभा. शेवटची प्रार्थना नेहमीप्रमाणे माझ्याकडे. ओघात रूथचं नाव घेतलं. नवऱ्यानं तिला गोंदियाहून माहेरी आणून सोडलं, हे तिच्या आईनं, मार्थावहिनींनी मला एकट्याला सांगितलं होतं. ‘कोणाले बोलू नका, भाऊजी.’ आणि मी डोळे मिटून, ‘प्रभू, वाऱ्यानं उडवलेलं हे पाखरू...’ बायका रडल्या. आमेन म्हणून डोळे उघडले तर वहिनींची जागा रिकामी. तरी घरी येईस्तोवर मनात एकच, आज प्रार्थना छान झाली.

मंगळवार, ८ मार्च
भाजीबाजारात रूथ भेटली. ‘काका, अख्खा भंडारा गाव माह्यासाठी प्रार्थना करून राहिला. वांगेवालीनं बी विचारलं, नवऱ्यानं काहून सोडलं म्हणून.’ हसली नाही. मान वर करवेना.
पवनीच्या शाळेत बाकावर उभा राहून कविता म्हणायचो. गुरुजी उपरण्यानं डोळे पुसायचे. लोकांचे डोळे ओले करायची चटक तेव्हाची.

गुरुवार, १० मार्च
गुडघे टेकले. क्षमा मागता मागता एक ओळ सुरेख जमली, म्हणून पुन्हा म्हटली. पश्चात्तापातही यमक. शी.

रविवार, १३ मार्च
चर्चमध्ये प्रभुभोजन, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा प्याला. आमच्याकडे रीत आहे, भाकरीआधी उठून ज्याचं मन दुखावलं त्याच्या बाकापाशी जायचं. वहिनींचं बाक रिकामं. उठून जाणार कुठे? प्याला आला तसा, न पिता, पुढे दिला.
बाहेर पाळकसाहेब म्हणाले, ‘तब्येत बरी नाही का?’
‘तब्येतीचं नाही.’
‘मग रूथच्या घरी जा, काका. देवाला तर तुम्ही रोजच सुंदर सांगता. पश्चात्ताप म्हणजे रडणं नव्हे, चुकल्या वाटेवरून माघारी फिरणं.’

सोमवार, १४ मार्च
गेलो. वहिनी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मी सुरू केलं, ‘वहिनी, या जिभेच्या काट्यानं...’
‘कविता नोका सांगू, भाऊजी.’
मग सांगायला राहिलं ते इतकंच. तुम्ही नको म्हटलं होतं. मी सांगितलं. चुकलो.
‘पोरगी घराबाहेर नाही निघत आता. माफ केलं म्हणू का? आज तं नाही म्हणत.’
‘बरं.’
‘मंग बसले कायले?’
बसून राहिलो. थोड्या वेळानं रूथनं पाण्याचा गिलास आणून ठेवला.

रविवार, २० मार्च
घरसभा. एकीनं सगळ्यांदेखत विचारलं, ‘रूथचं काय झालं जी? तुमाले ठाऊक असल.’ म्हणालो, ‘तिच्या घरचं आहे. मी इथे बोललो तेच पाप झालं. तुम्हीही बोलू नका.’
शेवटच्या प्रार्थनेला नाही म्हणालो. दुसऱ्या कोणी केली, चार वाक्यांची. बरी होती.
तेवढा वेळ माझे डोळे उघडे, दाराबाहेरच्या चपलांकडे. वहिनींच्या नव्हत्या.
उद्या पुन्हा जाईन. बसू देतील तर बसेन.