तुळशीपत्र ठेवलेली बाटली

प्रिय अर्पिता,

तुझ्या तिकडची शीतल सुट्टीवर आली, तिच्या हाती तू पाठवलेलं मिळालं. खाऱ्या बदामांची पुडी एक, ऑलिव्हचा डबा एक, तू मराठीत लिहिलेली वही एक आणि काळी बाटली एक. शीतलनं परतूरहून यायचं भाडं घेतलं न्हाई, मंग तिला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. ऑलिव्ह मला कडूच लागले. बदाम बाकी झकास.

आता माझ्या हातून झालेला गोंधळ ऐक. बाहेरून आलेली वस्तू आपल्यात आधी देवापुढं जाते. खोकं आलं तसं बंदच देव्हाऱ्यापुढं ठेवलं, वर तुळशीपत्र ठेवलं, हात जोडले आणि मंग कात्री लावली. बाटली निघाली तेव्हा तुझे अण्णा मागंच उभे. तू त्या वाइनच्या कामाला गेलीस तेव्हापासून, तीन वर्षं, त्यांनी तुझं नाव घेतलेलं न्हाई. बाटली उचलून तडक मोरीकडं निघाले. माझ्या तोंडून गेलं, अहो, नैवेद्य झालाय तिचा. पाय तिथंच थांबले. प्रसाद मोरीत ओतता येत न्हाई, आणि गळ्यात माळ असल्यावर हा घेताही येत न्हाई. म्हणाले, तू करून बसलीस, तूच सांभाळ. तेव्हापासून ती मिठाच्या बरणीशेजारी उभी आहे.

तिचं काय करावं सुचेना, म्हणून तुझी वही काढली. बाळा, किती सोपं करून लिहिलंस. वाइनमध्ये द्राक्षाचाच कडक अर्क घालून ती टिकाऊ करायची, ती शेरी, इतकं तर पहिल्याच पानात कळलं. फिनो नावाच्या शेरीवर खमिराची पांढरी साय धरते आणि तीच तिला हवेपासून राखते म्हणे. लोणच्यावर तशी साय दिसली की मी बरणी रिकामी करते. आणि ते पिंपांचं: खालच्यातून थोडीच काढायची, तेवढी वरच्यातून भरायची, जुनी कधी संपू द्यायची न्हाई. विरजणाचं मी बत्तीस वर्षं हेच करून राह्यले. सासूबाईंनी धावड्याहून आणलेलं दही अजून आपल्या घरात चालू आहे. तुझ्या कामावरच्या मालकांना जरूर सांग.

कशाबरोबर कुठली शेरी घ्यायची, ते पान दोनदा वाचलं. फिकी, कोरडी फिनो खाऱ्या बदामांबरोबर आणि तळलेल्या मासळीबरोबर. अमोंतियादो अळंबीबरोबर. ओलोरोसो मटणाबरोबर, त्या ओळी मी जल्दी उरकल्या. आणि चटयांवर द्राक्षं वाळवून केलेली पेद्रो हिमेनेस, पाकासारखी गोड, आइस्क्रीमवर ओतायची. तू धाडलीस ती हीच, हिला आपल्या गच्चीवर वाळणाऱ्या बेदाण्याचा वास येतो असं तू लिहिलंस. पिण्यातलं मला कळत न्हाई, पण जोडी कळते. आमरसाच्या ताटात कुरडई का, पुरणपोळीशेजारी झणझणीत आमटी का, हे मला जिभेनं शिकवलं. तू परक्या मुलखात, परक्या भाषेत लोकांना तेच समजावतेस. याचा पगार मिळतो म्हटल्यावर शेजारची बेबीनंदा म्हणाली, मंग आपला किती थकला असंल गं.

आता खरी गोष्ट. वही मी कपाटात ठेवायची आणि सकाळी ती अण्णांच्या उशीखाली सापडायची. मी ती परत कपाटात ठेवायची. परवा जेवताना भाकरीकडं बघत म्हणाले, चटयांवर किती दिवस वाळवतात? म्हटलं, कोण? म्हणाले, तिकडं. यंदा आपल्या बेदाण्याचा रंग गेला, ते त्यांच्या मनाला लागलंय. काल मी पूजा आटपून आले तर अण्णा बाटलीचं बूच काढून उभे. प्याले न्हाईत. नुसता वास घेतला, बूच बराबर लावलं आणि म्हणाले, आपल्या गच्चीवरचाच वास आहे, त्या पोरीनं बरोबर ओळखलं. पोरगी म्हणाले, अर्पिता.

फोन केलास तर ते लगेच माझ्या हातात देतील, म्हणून हे पत्र. त्यांना विचारायचंय: पांढऱ्या चुनखडीच्या रानात वेल पाण्यावाचून तग कसा धरतो, चटया कसल्या असतात आणि रात्री द्राक्षं झाकतात का. हे मी विचारलं असं लिही म्हणाले, तसं लिहिलं. तू मात्र उत्तर उलट टपाली धाड, आणि पाकिटावर माझं न्हाई, बद्रीनाथ अण्णांचं नाव घाल. पोस्टमननं हाक मारली की मी आतून बाहेर येणार न्हाई.

बाटली राखून बसलेली, तुझीच
आई