सरांचा अंगठा आणि सकाळची बॅच

४ जानेवारी, सकाळ.
रिपोर्ट आला. शुगर तीनशेच्या वर. लॅबवाल्यांनी नक्की दुसऱ्याच कुणाचं रक्त तपासलंय. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, गोड सोडा, रोज चाला. मला सांगतात, चाला! अहो, मी ट्रेनर आहे, चालवणं माझा धंदा आहे. बायको म्हणाली, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिच्याशी अबोला. नाश्त्यापर्यंत.
संकल्प: उद्यापासून साखर बंद. आज घरात केक आहे, वाया घालवणं बरोबर नाही.

८ जानेवारी.
जिममध्ये जाड्या मावशी पुन्हा सगळ्यांच्या मागे. त्यांनाही शुगर. भर बॅचमध्ये विचारलं, जिभेचे चोचले पुरवताना लाज नाही वाटत? त्यांनी टॉवेलने डोळे पुसले. घाम असावा. मग फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: शुगर हा आळशी माणसाचा आजार.
माझी टेन्शनची आहे. ती वेगळी.

१५ जानेवारी.
नवे बूट चावले. अंगठ्याला जखम. बायको म्हणते, डॉक्टरांना दाखवा. एवढ्याशा फोडाला? शिवाय अजिबात दुखत नाहीये, म्हणजे भरत आली. फिट शरीराचं असंच असतं.
गोळ्या सुरू करायच्या राहिल्यात. सोमवारपासून.

२२ जानेवारी.
घात झाला. उडी मारून दाखवताना बुटातून रक्त आलं. फरशीवर डाग. मोजा काढला तर वासाने पहिली रांग मागे सरकली. डबा द्यायला आलेली बायको तिथेच सगळ्यांना शुगरचं सांगून मोकळी झाली. सख्खी बायको!
मालकाने केबिनमध्ये घेतलं. मी म्हटलं, न्हाव्याला टक्कल असलं म्हणून कुणी केस कापून घ्यायचं थांबतं का? मालक म्हणाला, न्हावी गिऱ्हाइकाच्या टकलाला शिव्या घालत नाही. आता बॅचलाच विचारणार, असे सर चालतील का. नको म्हणाले तर नोकरी गेली. तोवर मी घरी, माझ्या जागी नवा पोरगेला ट्रेनर. जेवणावरची वासनाच उडालीय. तरी दोन वेळा जेवलो.

२९ जानेवारी, हॉस्पिटल.
अंगठा काळा पडला होता. काढला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आला असतात तर वाचला असता. हे सगळ्यांनाच असं सांगतात. पांघरुणाखाली रडलो. बायकोने पाहिलं, तेव्हा खोकलो.
माणूस कणखर हवा. अंगठ्याचं काय, नऊ बोटं शाबूत आहेत.

२ फेब्रुवारी.
जिंकलो! मालकाचा फोन. सगळी बॅच एकमुखाने म्हणाली, आम्हाला जुनेच सर हवेत. बायकोला स्पीकरवर ऐकवलं, दोनदा. शेवटी लोक ज्ञान बघतात, अंगठा नाही. मी त्यांचा आदर्श आहे, दुसरं काय!

५ फेब्रुवारी.
बॅचच्या वतीने जाड्या मावशी भेटायला आल्या. तशा जरा बारीक दिसल्या. म्हणाल्या, तो नवा मुलगा दमतच नाही हो, जीव नकोसा करतो. तुमचं बरं होतं. तुम्हाला धाप लागायची, आम्हाला बसायला मिळायचं.
मी विचारलं, मी बोलायचो त्याचं वाईट नाही वाटलं? म्हणाल्या, सुरुवातीला वाटायचं. मग बायकांनीच समजावलं, बोलू दे बिचाऱ्याला, त्याला दुसरं काय येतं? आणि तुमच्याकडे बघून सगळ्यांना धीर यायचा, की आपण एवढे वाईट नाही. त्या दिवशी तुमचा अंगठा पाहिल्यापासून तर मी एकही गोळी चुकवलेली नाही, शुगर एकदम नॉर्मल.
बायको तोंडाला पदर लावून बाहेर गेली. हसत होती की रडत होती, विचारलं नाही.
दारातून मावशी परत वळल्या. म्हणाल्या, मालक खुर्ची देणार आहेत, बसून शिकवा. पण सर, फार बरे होऊ नका हं, नाहीतर तुम्हीही उड्या मारायला लावाल.
मी हो म्हणालो.