वीस मायक्रॉन

सावेडी, गुरुवार

प्रिय सहादेव,

सुप्यात आपल्या कारखान्यात आता एकच पाळी, तीही आठवड्यातून तीन दिवस, बहुतेक यंत्रं पुसायला. ऑर्डर कुणालाच नाहीत. तुम्ही राहायचात त्या चाळीत बारापैकी नऊ खोल्यांना कुलूप आहे, मी मोजल्या. आमच्या ज्ञानेश्वरीची ठरलेली सोयरीक मुलाकडच्यांनी पुढं ढकलली, मुलालाच कामावरून ब्रेक मिळाला म्हणून. ती नुसती भांडी घासते.

काल वहिनींचा फोन आला. तुझ्या संस्कृतीनं कॉलेज सोडून कापडदुकानात काम धरलं, हे कळलं. शेवगावच्या वर्कशॉपवाल्यानं तुला लेथवर बोलावलं आणि 'माझा हात गेला' म्हणत तू भिंतीकडं तोंड करून पडून राहिलास, ताटावरही येत नाहीस, हेही कळलं. वहिनी रडल्या नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी आठवी शिकलेला माणूस. पुस्तकातली चित्रं बघून मायक्रोमीटरनं मापायला शिकलो, पुढं डिप्लोमावाली पोरं माझ्याकडून शिकली. याचा अभिमान मी कधी लपवला नाही. जूनमध्ये तू लेथवर कातलेले दोनशे बुश वीस मायक्रॉननं, केसाच्या पाव जाडीनं, जाड म्हणून मी नापास केले. साहेबांना मंदीत माणसं कमी करायचीच होती. माझ्या रिपोर्टवर पहिलं नाव तुझं गेलं. तू भांडायला हवं होतंस. पुन्हा मापा म्हणायला हवं होतंस. तू एवढंच म्हणालास, "नाना, तुमी मापलं म्हंजे चूक माझीच आसंल."

त्यानंतर तपासणीला पहिला माल आला तो या मंगळवारी. दुसऱ्याचा हात, दुसरं यंत्र, आणि नेमके वीसच जास्त. तेव्हा मी मायक्रोमीटरचा झिरो बघितला, तो रिकामाच वीस दाखवत होता. झिरो रोज सकाळी बघायचा असतो. त्यावरून मी पोरांना फैलावर घेतो. तुझा माल यायच्या आदल्या दिवशी माझा मायक्रोमीटर टेबलावरून पडला होता, आणि आपल्या हातून काही बिघडत नाही या तोऱ्यात मी तपासला नव्हता. स्टोअरमधून तुझे बुश काढून दुसऱ्या मायक्रोमीटरनं मापले. दोनशेच्या दोनशे बरोबर.

साहेबांना लेखी दिलं. त्यांनी वाचून कागद परत केला. तुला आता घेता येत नाही, पुढच्या महिन्यापासून मलाही येऊ नका म्हणाले. ते माझं मी बघेन. फोनवर जीभ वळली नाही, आणि तुझ्या हाती सहीचा कागद असावा, म्हणून हे लिहिलं: तुझा हात चुकला नव्हता, माझा चुकला. वर्कशॉपवाल्याला मी विचारलं, तो पंधरा तारखेपर्यंत थांबतोय. मला हव्या तेवढ्या शिव्या दे. पण ऊठ, जेव, आणि जा.

तू तोडलंस तरी तुझाच,
गहिनीनाथ