त्याची बाटली माझ्या नावावर

सोमवार, ३ तारीख

आधी टकलू आला. सांगितलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी! मी अजून केस विंचरत होते. पस्तीस वर्षं बस चालवली म्हणे, उशीर करायची सवयच नाही. म्हटलं, तुमच्या बसमध्ये बसायला हवं होतं, आमची कधी वेळेवर आली नाही. खो-खो हसला. मागून बाई आल्या. शाळेत गणित शिकवतात. चपला दारात अशा जोडून ठेवल्या की मी गुपचूप माझ्याही सरळ केल्या.

हे दोघं कोण, ते राहिलंच. गेल्या आठवड्यात गुडघा दाखवायला गेले, तर दवाखान्याच्या जिन्यात कागद चिकटवलेला – 'दारू सोडायची आहे? आम्ही सोडली. फोन करा.' मला आता दिसतं कमी, एकेक अक्षर लावत वाचावं लागतं. मागे माणसं खोळंबली. एक जण म्हणाला, 'आजी, पाठ करताय का?' म्हटलं, हो! आकडे तळहातावर उतरवले, घरी येईस्तोवर हात धुतला नाही.

फोनवर लेकाचं नाव घ्यायला जीभ रेटेना. म्हटलं, 'आमच्या घरात एक जण आहे.' पलीकडून बाई म्हणाल्या, 'कळलं हो आजी. सोमवारी येतो.'

त्यांना काय कळलं, ते मला आज कळलं! टकलूनं माझाच हात धरला. 'लाजू नका आजी. सगळेच आधी "घरात एक जण आहे" म्हणतात.'

मी! खोकल्याच्या औषधानं जिला गरगरतं ती मी! 'अहो, मी नाही –' म्हणणार, तेवढ्यात आत कॉट करकरली. लेक जागा होता. आमच्या दोन खोल्यांत प्लायवूडची भिंत. पलीकडे शिंकलं तरी इकडे कळतं. त्याच्याशी कुणी बोलायला गेलं की हा चपला घालून बाहेर. डॉक्टर झाले, त्याचा मामा झाला. सून तर रडून रडून दमली आणि नातीला घेऊन माहेरी गेली. दोन महिने झाले. 'तो सोडेल तेव्हा येईन,' म्हणाली. तिचं काय चुकलं?

पण हे बोलताहेत माझ्याशी. मग तो कशाला उठेल?

मी म्हटलं, 'हो. पिते.'

आणि सगळं त्याचं सांगितलं, जरा मोठ्यानं. बाटली पिठाच्या डब्यामागे असते. सकाळी आधी ती, मग तोंड धुणं. स्क्रू धरताना हात थरथरतो –

'कसला स्क्रू?' टकलू.

'चष्म्याचा!' लेक चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो ना! माझाही त्यानंच बसवलाय. वाकडा.

मग टकलूनं स्वतःचं सांगितलं. 'लेकीला थांब्यावर विसरून बस घेऊन गेलो आजी. लेक माझीच, बस माझीच.' आतली कॉट अजिबात वाजली नाही.

गुरुवारी परत येतो म्हणाले.

मंगळवार, ४

लेक म्हणाला, 'आई, तू कधीपासून प्यायला लागलीस?' म्हटलं, 'तू झोपलास की.' 'काहीतरीच!' म्हणाला, पण हसला. दात पार विसरले होते मी त्याचे.

बुधवार, ५

बाई म्हणाल्यात, ओतायची तर पिणाऱ्यानंच ओतायची. आता पिणारी मी ठरले. मग मी ओतू का? कुणाला विचारणार!

गुरुवार, ६

दोघं आले. रविवारी सहाला मीटिंग आहे, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. 'जिना चढवेल ना?' बाई म्हणाल्या. भिंतीकडे तोंड करून म्हटलं, 'लेक आणेल की हाताला धरून!' आत कुणीतरी खोकलं.

चांगल्या माणसांशी खोटं बोलतेय. घास गोड लागत नाही. रविवारी सांगून टाकणार.

रविवार, ९

बावीस पायऱ्या. लेकानं हात धरला होता, पण थरथर त्याचीच. 'मी दारात थांबतो,' म्हणाला.

आत पंधरा-सोळा जण, गोल मांडलेल्या खुर्च्या, चहा. पाळीपाळीनं उठून बोलतात. माझी पाळी आली. उठले, चष्मा पुसला, पदर सारखा केला. परत चष्मा पुसला.

मागून आवाज आला, 'तिला बसू द्या. तिनं थेंबही घेतलेला नाही. बाटली माझी आहे.'

मला वाटलं, आता आम्हा दोघांना हाकलतात.

टकलू म्हणाला, 'माहितीये रे. आजींचा हात धरला तेव्हाच कळलं. असा स्थिर हात आमच्यात नसतो. ये, तुझी खुर्ची ठेवलीय.'

लबाड! मग सोमवारपासून तोही मोठ्यानं बोलत होता, तो काय माझ्यासाठी?

घरी आल्यावर बाटली मोरीत गेली. त्याच्या हातानं. मी फक्त नळ सोडला.

सोमवार, १०

टकलू आणि बाई आले. 'आई, तू जरा आत बस,' लेक म्हणाला. आज कॉटवर मी, भिंतीपलीकडे तो. तासभर हलले नाही, कॉट करकरेल म्हणून.

गुरुवारी परत येतो म्हणाले. त्याला म्हणाले, मला नाही!